नळी, भोकं आणि सा : घरी बासरी बनवण्याच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

प्रकल्पाचा हेतू आधी लिहून ठेवतो. साध्या नळीची, धड सुरात वाजणारी बासरी घरी करायची. करता करता सूर म्हणजे नेमकं काय, हे भाच्याला आणि मला मोजून कळलं पाहिजे. भाचा सातवीत आहे. त्याला सा रे ग म म्हणता येतं. पण रे सापेक्षा किती वर, असं विचारलं की तो हात वर करून दाखवतो. हेच अंतर फुटपट्टीवर दाखवता येतं आणि ते पाहिल्यावर गाणं ऐकण्याची तऱ्हा बदलते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात बासरीने नाही, स्ट्रॉने केली. जाड स्ट्रॉ घेतला, खालचं टोक मातीच्या गोळीने बंद केलं आणि वरच्या काठावर तिरकी फुंकर मारली. बाटलीच्या तोंडावर फुंकतो तशीच. सूर लगेच निघाला. आतली हवा स्प्रिंगसारखी मागेपुढे हलते. बंद टोकाशी तिला हलायला जागा नसते, उघड्या टोकाशी ती सर्वात जास्त हलते. अशा नळीत लहरीचा फक्त चौथा हिस्सा मावतो, म्हणून ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची चौपट एवढी कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) मिळते. 25 अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 346 मीटर असतो. 16.5 सेंटीमीटर नळीसाठी उत्तर येतं साधारण 524 हर्ट्झ. पेटीवर बघितलं तर ही पांढरी एक, वरच्या सप्तकातली. हाच आपला सा धरायचा ठरलं.

6 जानेवारी

आज सप्तक. प्रत्येक स्वराचं साशी असलेलं गुणोत्तर घेतलं आणि स्ट्रॉची लांबी त्याच्या उलट प्रमाणात कापली. रे नऊ अष्टमांश, म्हणजे लांबी 16.5 च्या आठ नवमांश, 14.7. ग पाच चतुर्थांश, लांबी 13.2. म चार तृतीयांश, 12.4. प तीन द्वितीयांश, बरोबर 11. ध पाच तृतीयांश, 9.9. नी पंधरा अष्टमांश, 8.8. आणि वरचा सा दुप्पट, म्हणून लांबी निम्मी, सव्वाआठ.

आठ नळ्या शेजारी शेजारी चिकटवल्यावर जिन्यासारखा तिरका काठ दिसतो. तो काठ सरळ रेषेत नाही, वाकलेला आहे, हे भाच्याने स्वतःहून पाहिलं. प्रत्येक पायरीला ठरावीक लांबी वजा होत नाही, पटीने कमी होते. माझ्या दृष्टीने संगीताच्या गणितातली ही पहिली आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट. सुरांमधलं अंतर वजाबाकीचं नसून भागाकाराचं असतं. 200 आणि 400 हर्ट्झमध्ये जेवढं अंतर कानाला जाणवतं, तेवढंच 400 आणि 800 मध्ये. आपण दोन्हीला एकच नाव देतो, सा ते सा.

एक बारकावा. निम्म्या लांबीच्या नळीतून वरचा सा किंचित उतरलेला येतो. उघड्या तोंडाशी हवेचा स्तंभ नळी संपल्यावरही थोडा बाहेर पसरतो, त्रिज्येच्या सुमारे 0.6 पट. स्ट्रॉची त्रिज्या 3 मिलीमीटर असेल तर प्रत्येक नळी कानाला जवळपास 2 मिलीमीटर लांब लागते. लांब नळीला हे 2 मिलीमीटर नगण्य, आखूड नळीला जास्त. वरून ओठही तोंड थोडं झाकतो. आखूड नळ्या मिलीमीटर-दोन मिलीमीटर घासल्या की सप्तक जुळतं.

10 जानेवारी

पीव्हीसीची नळी आणली. आतला व्यास 16 मिलीमीटर, भिंत 2 मिलीमीटर. कापण्याआधी एक गंमत करून पाहावी. नळीचं एक टोक तळहातावर आपटून हात तिथेच ठेवला तर खालचा 'बुम्' येतो; आपटून हात झटकन काढला तर वरचा. दोन्हींत सप्तकाचं अंतर. एका टोकाला बंद असलेली नळी दोन्ही टोकांना उघड्या नळीपेक्षा एक सप्तक खाली बोलते. बासरी दोन्हीकडून उघडी: एक टोक खालचं, दुसरं टोक म्हणजे फुंकायचं भोक. तिच्यात अर्धी लहर मावते, म्हणून सूत्रात चारच्या जागी दोन.

11 जानेवारी

फुंकायचं भोक पाडलं. लंबगोल, लांबीत 11 आणि रुंदीत 9 मिलीमीटर. आधी बारीक ड्रिल, मग मोठं, मग गोल कानस. या भोकाची ओठासमोरची कड हा सगळ्या बासरीचा जीव. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत त्या कडेवर आपटतो आणि आळीपाळीने आत-बाहेर झुकतो. आतली हवा त्याला आपल्या तालात ओढते. कड बोथट किंवा खडबडीत असेल तर नुसता श्वास ऐकू येतो. पॉलिश पेपरने आतून गुळगुळीत करायची, पण तिची धार गोल होऊ द्यायची नाही. बाकी सगळं बाजूला ठेवून, मनाजोगतं होईपर्यंत या एका भोकावर वेळ घालवावा.

नळीचं वरचं टोक बंद करणारं बूच भोकाच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतक्या अंतरावर, म्हणजे 16-17 मिलीमीटरवर बसवलं. ते मागेपुढे सरकवता येईल असं ठेवलं आहे.

सुरक्षेचं: पीव्हीसीला तापलेल्या सळईने भोक पाडू नये, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा विषारी धूर निघतो. ड्रिल आणि कानस वापरताना नाकाला मास्क. नळी तोंडाला लावण्याआधी आतून-बाहेरून साबणाने धुवायची. ड्रिल मीच धरलं, कानस आणि पॉलिश पेपर भाच्याकडे.

12 जानेवारी

बासरीत वरची तीन भोकं झाकली की सा, सगळी सहा झाकली की खालचा प. म्हणजे अखंड नळीतून मंद्र पंचम निघाला पाहिजे. सा 523 तर हा प 392 हर्ट्झ. सूत्राप्रमाणे लांबी 44.1 सेंटीमीटर.

फुंकायच्या भोकापासून टोकापर्यंत 44 सेंटीमीटर ठेवून वाजवलं. ट्यूनर ॲपवर सूर 360 च्या आसपास, म्हणजे जवळपास दीड अर्धस्वर खाली (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर).

भाचा म्हणाला, "मामा, सूत्रच चुकीचं आहे."

सूत्र बरोबर आहे, नळी दिसते तेवढी नाही. खालच्या टोकाशी जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढतो. खरी वाढ फुंकायच्या भोकाशी आहे. ते नळीपेक्षा अरुंद, त्यावर ओठ अर्धवट झाकलेला. त्या चिंचोळ्या वाटेने हवेला बाहेर पडायचं म्हणजे कानाच्या हिशोबी नळी तिथे जवळपास 4 सेंटीमीटर आणखी लांब. म्हणून कागदावरची लांबी ही फक्त वरची मर्यादा समजायची. नळी नेहमी लांब कापावी आणि सूर ऐकत ऐकत आखूड करावी. या लांबीला एक सेंटीमीटर कापला की सूर साधारण 40 सेंट चढतो (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). थोडं थोडं कापत 40 सेंटीमीटरला येऊन थांबलो. 392.

17 जानेवारी

भोकं पाडण्याआधी नुसत्या नळीवर बराच वेळ काढला आणि तो वाया गेला नाही. हळू फुंकलं की 392. ओठ आवळून झोत वेगवान केला की 784, वरचा प. आणखी जोर दिला की 1176. भोक एकही नाही आणि तीन सूर. नळीत अर्ध्या लहरीच्या पूर्ण पटीतली कोणतीही लहर मावते. कुठली जागी करायची ते झोताचा वेग ठरवतो.

तिसरा सूर कोणता, हे भाच्याला स्ट्रॉच्या जिन्यावर शोधायला सांगितलं. तो रे निघाला, अर्थात एक सप्तक वरचा. प ची तिप्पट, सप्तकभर खाली आणली की प ची दीडपट. सा ची दीडपट प, प ची दीडपट रे. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, त्याचं निम्मं... इथे त्याने मला थांबवून कॅल्क्युलेटर काढला: 1.125. नऊ अष्टमांश! स्ट्रॉ कापताना जो आकडा मी त्याला नुसता सांगितला होता, तो आज नळीने स्वतः दिला. षड्ज-पंचम भावातून एकेक स्वर जन्माला येतो असं संगीताच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते श्वासाने ऐकता येतं याचा मला विलक्षण आनंद झाला.

बुचाचं कामही आजच. वरचा प खालच्याच्या नेमका दुप्पट यायला हवा. तो उतरला असेल तर बूच भोकाकडे किंचित सरकवायचं. बूच आणि भोक यांमधली हवेची पोकळी जितकी मोठी, तितके वरचे सूर जास्त उतरतात. एक-दोन मिलीमीटरनेही फरक कळतो.

18 जानेवारी

सहा भोकांचा दिवस. सगळ्यात जास्त विचार इथे लागला.

भोक उघडलं की जणू नळी तिथेच संपली, असं सोप्या भाषेत सांगतात. ते तंतोतंत खरं ठरायला भोक नळीइतकंच रुंद हवं. 16 मिलीमीटरचं भोक कोणाच्या बोटाने झाकलं जाणार? भोक लहान केलं की हवा तिथून पुरती बाहेर पडत नाही, तिचा काही भाग भोक ओलांडून पुढे जातो आणि सूर अपेक्षेपेक्षा खाली राहतो. म्हणून लहान भोक तोंडाकडे सरकवावं लागतं. आमच्या नळीला साडेआठ मिलीमीटरच्या भोकासाठी ही सरक सुमारे 2 सेंटीमीटर भरते.

भाचा विचारत होता, "भोक तिथेच आहे, मग मोठं केल्यावर सूर का चढतो?" उत्तर हेच. भोक मोठं करणं आणि तोंडाकडे सरकवणं कानाला एकच काम आहे. बासरी सुरात आणायची सगळी कला या अदलाबदलीत आहे.

सगळी भोकं साडेआठची धरून जागा काढल्या, तेव्हा अडचण दिसली. खालून पहिलं (ध चं) आणि दुसरं (नी चं) यांत 4.2 सेंटीमीटर, आणि नी व सा यांच्या भोकांत फक्त दीड. साहजिक आहे, ध ते नी पूर्ण स्वर, नी ते सा अर्धा. पण सातवीतल्या मुलाची अनामिका आणि मधलं बोट एवढी फाकत नाहीत, आणि दीड सेंटीमीटरवर दोन बोटं नीट टेकत नाहीत. मग अदलाबदल केली. ध चं भोक 6 मिलीमीटर केलं आणि तोंडाकडे आणलं. नी चं 10 मिलीमीटर करून खाली ढकललं. सा चं 7 करून वर. आता अंतरं 3.1 आणि 2.1. स्वर तेच, बोटं आरामात. चांगल्या बांबूच्या बासऱ्या नीट पाहा, भोकं सारखी नसतात. लहानमोठी भोकं बघून ती ओबडधोबड वाटण्याची शक्यता असते, पण त्यामागे हाच हिशोब आहे.

हाच पेच पाश्चात्त्य बासरीनेही सोडवला, वेगळ्या वाटेने. थिओबाल्ड बोएम या जर्मन वादक-कारागिराने 1847 साली दंडगोल नळीची बासरी तयार केली. भोकं मोठी ठेवली, नादशास्त्राला हवी तिथे पाडली आणि बोटं पोचत नाहीत तिथे झाकणं व चाव्या बसवल्या. आपल्याकडे पन्नालाल घोष (1911-1960) यांनी रागसंगीतासाठी लांब, खर्जाची बासरी रुजवली. तिथे चाव्या नाहीत, हाताची ठेवण बदलली. मला स्वतःला उघड्या भोकाची बासरी जास्त प्रिय. बोट भोकावरून हळूच सरकवलं की एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेता येते. झाकण लावलं की ही वाट अरुंद होते.

प्रत्यक्ष कृती: सर्व भोकं ठरल्यापेक्षा दीड-दोन मिलीमीटर लहान पाडली, खालच्या भोकापासून सुरुवात करून. एक भोक सुरात आल्याशिवाय त्याच्या वरचं पाडायचं नाही, कारण खालची उघडी भोकं वरच्या सुरावर परिणाम करतात.

19 जानेवारी

सहाही भोकं उघडी ठेवली की तीव्र म मिळतो. शुद्ध म साठी वरचं भोक अर्धं झाकायचं. कोमल रे, ग, ध, नी सुद्धा अर्ध्या भोकातूनच. भाच्याला हे अवघड जातं, पण बोटाच्या पेराला सूर कळायला लागतो तो इथेच. दोन दिवस फक्त ग-म-ग.

24 जानेवारी

कानसकाम. ॲपवर तंबोरा लावला, सा-प. ट्यूनरचा काटा आज मुद्दाम बंद.

सा चं भोक कानसीने एकेक घास मोठं करत गेलो. सूर तंबोऱ्याच्या जवळ आला की आवाजात लाटा येतात, वाढतो-कमी होतो. दोन सुरांत 4 हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला 4 लाटा. कानस फिरवत जावं तशा लाटा संथ होतात आणि मग थांबतात. भाच्याने डोळे मिटून "थांब मामा, आला" म्हटलं, तिथे थांबलो. नंतर काटा लावून पाहिला, बरोबर.

ग चं मात्र तसं झालं नाही. काट्याप्रमाणे ग 659.3 हर्ट्झला हवा. तंबोऱ्यावर तो खरखरीत लागतो. 654 ला आणला की एकदम स्थिरावतो. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. काटा आणि पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, प्रत्येक भाग सुमारे 1.0595 पट. तंबोऱ्याच्या सामध्ये त्याची पाचपट कंप्रता, 2616, बारीक वाजत असते आणि ग मध्ये त्याची चौपट. ग 654 असेल तर चौपटही 2616, दोन्ही एकमेकांत मिसळतात. 659.3 असेल तर 2637, आणि 21 हर्ट्झची घासाघीस ऐकू येते. फरक 14 सेंटचा, पण एकदा ऐकला की विसरता येत नाही. भोक मी या दोन्हींच्या मधोमध ठेवलं. ओठ किंचित आत झुकवला की सूर उतरतो, बाहेर वळवला की चढतो. पेटीसोबत एक ग, तंबोऱ्यासोबत दुसरा. भोक स्वराची जागा दाखवतं, नेमका स्वर कान आणि ओठ मिळून लावतात. बासरी शिकवताना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे, नाहीतर मुलं भोकांवर विसंबतात आणि ऐकणं मागे राहतं.

25 जानेवारी

पहाटे थंडीत तीच बासरी उतरलेली. हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला 0.6 मीटर बदलतो, म्हणजे सुमारे 3 सेंट. 10 अंशांचा फरक पडला की 30. थोडा वेळ उबदार श्वास फुंकून मगच सूर तपासावा. कानस दुपारीच हातात घ्यायची.

31 जानेवारी

बांबूची एक नळी मिळाली. एका बाजूला पेर बंद, म्हणजे बूच आयतंच, पण ते सरकवता येत नाही. आतला व्यास एका टोकाला 17, दुसऱ्याला 15, आणि पूर्ण गोलही नाही. त्यामुळे पीव्हीसीची मापं इथे चालत नाहीत. क्रम तोच, आकडे नवे. बांबू सुका हवा, आणि सळईने भोक पाडलेलं बरं, ड्रिलने तो चिरतो.

निसर्गाने दिलेल्या पोकळ नळीवर काम करणं फार जुनं आहे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत 2008 मध्ये गिधाडाच्या हाडाची, पाच बोटभोकांची बासरी सापडली. ती 35,000 वर्षांहून जुनी मानतात. चीनमधल्या जियाहू इथे क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या, सुमारे 8-9 हजार वर्षांपूर्वीच्या बासऱ्या मिळाल्या आहेत. भाच्याचा पहिला प्रश्न होता, त्या हाडात भोक कुठे पाडायचं हे त्यांनी कसं ठरवलं असेल? आपण ठरवलं तसंच असणार: पाडून, ऐकून, घासून.

1 फेब्रुवारी

कॅल्क्युलेटरची संध्याकाळ. सापासून दीडपट, पुन्हा दीडपट, असं बारा वेळा केलं तर सगळे बारा स्वर फिरून पुन्हा सावर यायला हवं. आलं 129.75. सात सप्तकं म्हणजे 128. जवळ आहे, पण एक नाही. सुमारे 23 सेंट उरतात. तीनचा कोणताही घात दोनच्या घाताइतका कधीच होणार नाही, हे भाच्याने स्वतः सांगितलं (एक विषम, दुसरा सम). पेटीचे बारा सारखे भाग करताना हे उरलेले 23 सेंट बारा पंचमांत वाटून टाकतात, प्रत्येकाच्या वाट्याला 2. प मध्ये ते कळतही नाहीत. ग मध्ये काय होतं ते गेल्या आठवड्यात ऐकलंच.

8 फेब्रुवारी

पीव्हीसी बासरी पूर्ण. मापं, फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून, सेंटीमीटरमध्ये: टोक 40, भोकं वरून खाली 17.8, 20.5, 23.8, 27.4, 29.5, 32.6. व्यास त्याच क्रमाने साडेआठ, साडेआठ, साडेआठ, 7, 10 आणि 6 मिलीमीटर. आतला व्यास 16. कोणी यावरून बासरी करणार असेल तर भोकं लहान पाडून सुरुवात करावी. ओठाची ठेवण माणसागणिक वेगळी आणि तेवढ्याने सगळे आकडे हलतात. भोक जास्त मोठं झालं तर कडेला आतून मेणाचा पातळ थर दिला की सूर पुन्हा उतरतो.

भाचा सरगम वाजवतो आहे, खालचा प ते वरचा प. त्याच्या वरचे सूर अजून फुटतात, झोत पुरेसा बारीक होत नाही. रोज आधी लांब सूर, मग पलटे.

त्याला आता खर्जाची बासरी हवी आहे, सा आत्ताच्या मंद्र पंचमाचा. लांबी चार तृतीयांश करावी लागेल, म्हणजे सुमारे 53 सेंटीमीटर, नळीही थोडी रुंद. ध आणि नी च्या भोकांतलं अंतर 4.1 होतं, आणि तेवढा त्याचा हात अजून फाकत नाही. ध चं भोक आणखी लहान करून वर आणता येईल, पण मग तो सूर दबका लागेल. आधी बांबूची पुरी करतो.